मीडियासोबत स्पॅनिश घ्यायचं म्हणजे नक्की काय घ्यायचं?

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी एखादं कॉम्बिनेशन हवेत असतं. मध्ये डेटा सायन्स होतं, मग सायकॉलॉजी आलं, आणि यंदा ओळखीपाळखीतले जे आई-बाबा भेटतायत त्यातल्या बऱ्याच जणांचं एकच, की पोरीला मीडिया करायचंय ते ठीक आहे पण सोबत स्पॅनिश पण पाहिजे म्हणते, हे काय नवीन काढलंय आणि यातून पुढे काही होतं का. मी अंधेरीत सबटायटलच्या धंद्यात आहे, दिवसभर स्पॅनिश ऐकून मराठी-हिंदी लिहिणाऱ्या लोकांमध्ये बसतो, त्यामुळे लोकांना वाटतं याला विचारावं. म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू.

यंदाच हे का निघालं त्यालाही कारण आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ भारतात आले होते, वडोदऱ्यात टाटा-एअरबसच्या विमान कारखान्याचं उद्घाटन केलं, मुंबईतही येऊन गेले, आणि तेव्हाच ठरलं की २०२६ हे साल दोन्ही देशांनी मिळून संस्कृती, पर्यटन आणि एआयचं वर्ष म्हणून साजरं करायचं. त्यात यंदाचा फुटबॉल वर्ल्ड कप अमेरिका-कॅनडासोबत मेक्सिकोत. आणि ओटीटीवर स्पॅनिश सिरीज रात्र-रात्र बघणारी पोरं तर घरोघरी होतीच, त्यांना फक्त निमित्त हवं होतं.

आधी फॉर्मवरचे शब्द

मुंबईत मीडियाची डिग्री म्हणजे लोकांच्या तोंडी अजून 'बीएमएम'च. नाव बदलून बीएएमएमसी झालं तरी कोणी तसं म्हणत नाही. यात पत्रकारिता, जाहिरात, जनसंपर्क, व्हिडिओ, मीडियाचे कायदे, थोडं समाजशास्त्र असा सगळा मसाला असतो. पूर्वी याच्या जोडीला भाषा शिकायची तर संध्याकाळचा बाहेरचा क्लास लावायचा, डिग्रीशी त्याचा काही संबंध नसायचा.

२०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि महाराष्ट्रातल्या कॉलेजांमध्ये ते २०२३-२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालं, तेव्हापासून तीन शब्द सगळ्यांच्या डोक्यावर येऊन बसलेत: मेजर, मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह. लोकलच्या डब्यात बसवून सांगतो. मेजर म्हणजे विंडो सीट, तो तुमचा मुख्य विषय, डिग्रीवर नाव त्याचं. मायनर म्हणजे चौथी सीट, तो जोडीचा विषय, बसायला मिळतं पण अर्धंच, आणि एक पाय कायम बाहेर. ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दाराशी उभं राहणं, एक-दोन स्टेशनं वारा खायचा आणि उतरायचं.

आता जाहिरातीत 'मीडियासोबत स्पॅनिश' असं लिहिलेलं असतं तेव्हा या तिघांपैकी नेमकं काय, ते कोणी सांगत नाही. बऱ्याच वेळा ते दाराशी उभं राहणंच असतं, म्हणजे दोन-चार क्रेडिट्सचं इलेक्टिव्ह, ज्यात आकडे, रंग, वार आणि 'माझं नाव अमुक' एवढं होतं. ते वाईट नाही, पण त्याच्या जिवावर रेझ्युमेत 'स्पॅनिश येतं' लिहू नये, इंटरव्ह्यूत समोरचा दोन वाक्यांत पकडतो.

तासांचा हिशोब

क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं माप. आपल्याकडे थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरमध्ये वर्गातले १५ तास. मायनर विषयाला तीन वर्षांत मिळून साधारण २० क्रेडिट्स मिळतात. २० गुणिले १५, झाले ३०० तास. आणि हे कागदावरचे ३०० हां, त्यातून गणपतीची सुट्टी, कॉलेज फेस्टिव्हल, जुलैतल्या दोन-तीन तुंबलेल्या दिवसांचे लेक्चर वजा करा.

समोर दुसरा आकडा ठेवा. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं, त्यांच्या अनुभवानुसार इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला स्पॅनिशमध्ये कामापुरतं सराईत व्हायला वर्गातले ६०० ते ७५० तास लागतात, घरचा अभ्यास वेगळा. आणि ते लोक छोट्या बॅचमध्ये दुसरं काहीही न करता फक्त तेच शिकत असतात. म्हणजे आपलं मायनर पूर्ण निष्ठेने केलं तरी गाडी दादरपर्यंतच जाते, चर्चगेट लांब आहे.

म्हणून माझं मत सरळ आहे, डिग्रीच्या नावात स्पॅनिश आहे की नाही यावर डोकं फोडण्यापेक्षा उरलेले तास कुठून आणणार ते आधी ठरवा. रोजची वीस मिनिटं मनापासून ऐकलं-बोललं तर वर्षाला १२० तास होतात, तीन वर्षांत ३६०. डोंबिवली-बदलापूरहून येणाऱ्या पोरांकडे तर एवढा वेळ गाडीतच असतो, फक्त त्या वेळात रील्स बघायच्या का स्पॅनिश बातम्या ऐकायच्या एवढाच प्रश्न. हे ३०० आणि ते ३६० जमले की काहीतरी बोलण्यासारखं होतं.

किती येतं हे मोजायची पण पद्धत ठरलेली आहे. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात, ए१ पासून सी२ पर्यंत. ए१ म्हणजे चहा मागता येतो, बी२ म्हणजे माणसाशी भांडता येतं आणि बातमी वाचून तिचा सारांश सांगता येतो. मीडियात कामाला लागायचं तर बी२ च्या खाली फारसा उपयोग नाही, हे मी आमच्याकडे येणाऱ्या अर्जांवरून सांगतोय. पायरी सिद्ध करायला दोन परीक्षा चालतात, डेले आणि सिएले. दोन्हींच्या मागे स्पेन सरकारची सेर्वांतेस संस्था आहे, १९९१ मध्ये स्थापन झालेली, तिचं केंद्र दिल्लीत आहे. डेलेचं सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं, सिएले कॉम्प्युटरवर होते, निकाल लवकर लागतो, पण पाच वर्षांनी संपते. पहिल्या वर्षाच्या पोराने घाईघाईत सिएले देऊन ठेवण्यात अर्थ नाही.

कॉलेजात स्पॅनिश नसेलच तर?

हे मुंबईत होणारच, कारण बहुतेक ठिकाणी फ्रेंच-जर्मन असतं, तेही अकरावी-बारावीत मार्क चढवायला घेतलेलं, बारावीनंतर विचारलं तर पोरांना बोंझूरच्या पुढे काही आठवत नाही. स्पॅनिशचे पूर्णवेळ शिक्षक कमी आहेत. पण घाबरायचं कारण नाही, एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीने एकाच वेळी दोन पूर्ण कोर्स करायला परवानगी दिली, अट एवढीच की दोन्ही वर्गात बसून करायचे असतील तर वेळा एकमेकांवर येता कामा नयेत, किंवा मग एक ऑनलाइन घ्यायचा. त्यामुळे सकाळी मीडिया आणि संध्याकाळी किंवा ऑनलाइन स्पॅनिश डिप्लोमा हे आता रीतसर चालतं.

आणि ज्याला भाषेतच डिग्री पाहिजे त्याने मुंबईचा हट्ट सोडावा. दिल्लीत जेएनयू, हैदराबादला ईएफएलयू इथे स्पॅनिशमध्ये बीए होतं. आपल्या जवळचं म्हणाल तर पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, तिथे परकीय भाषा आणि पत्रकारिता हे दोन्ही विभाग वर्षानुवर्षं एकाच आवारात नांदले, त्यामुळे हे कॉम्बिनेशन काही नेटफ्लिक्सने शोधून काढलेलं नाही.

पण या दोन विषयांचा एकमेकांशी संबंध काय?

इथे मला जरा थांबून बोलायचंय, कारण लोक समजतात मीडिया हे एक कौशल्य आणि स्पॅनिश हे वरून लावलेलं तोरण. तसं नाहीये. मीडियाचा अभ्यास जो जगभर शिकवतात त्यातला मोठा भाग लॅटिन अमेरिकेत तयार झालाय, आणि तो स्पॅनिशमध्ये झालाय.

कोलंबियात सुतातेन्सा नावाचं गाव आहे, तिथे १९४७ मध्ये एका तरुण पाद्र्याने शेतकऱ्यांना लिहा-वाचायला शिकवायला रेडिओ सुरू केला, लोक घरात रेडिओभोवती बसून धडे गिरवायचे. बोलिव्हियातल्या खाणकामगारांनी त्याच सुमारास आपल्या पगारातून पैसे काढून स्वतःची रेडिओ स्टेशनं चालवली. आणि आपल्याकडे? १९५६ मध्ये आकाशवाणी पुणे आणि युनेस्कोने मिळून महाराष्ट्रातल्या दीडशेच्या आसपास गावांत हाच खेळ मांडला होता, शेतकऱ्यांचे गट संध्याकाळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, मग चर्चा करायचे आणि प्रश्न परत केंद्राकडे पाठवायचे. मीडियाच्या विद्यार्थ्याला हे दोन्ही शेजारी ठेवून वाचता आलं तर प्रोजेक्टला विषय शोधत फिरावं लागणार नाही.

मग मीडियाचे अभ्यासक हेसुस मार्तिन-बार्बेरो. जन्म स्पेनचा, काम बहुतेक कोलंबियातलं. १९८७ मध्ये त्यांनी एका पुस्तकात मांडलं की टीव्ही लोकांचं काय करतो एवढंच विचारत बसू नका, लोक टीव्हीचं काय करतात ते बघा, बायका मालिका बघताना आपापसात काय बोलतात, त्यातून घरातले कुठले विषय निघतात. आपल्याकडे संध्याकाळी सात ते दहा चाळीत, सोसायटीत जे चालतं ते बघितलेल्या माणसाला हे लगेच पटेल. हे पुस्तक इंग्रजीत यायला १९९३ उजाडलं. स्पॅनिश येणाऱ्याला ते सहा वर्षं आधी वाचता येत होतं, आणि आजही तिथलं बरंचसं लिखाण इंग्रजीत येतच नाही.

आणि मालिकांचा व्यवहार तर सरळ धंद्याचा आहे. २००३ मध्ये सोनीवर चष्मा आणि दातांना तारा लावलेली ती साधीभोळी सेक्रेटरी जस्सी आली होती, आख्ख्या देशाने बघितली, ती मूळ १९९९ ची कोलंबियाची मालिका. उलट दिशेने, २०१६ मध्ये झीने अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी हिंदी सिनेमे डब करून दाखवणारं झी मुंडो चॅनल काढलं. ही अशी देवाणघेवाण करताना मध्ये कोणीतरी बसावं लागतं ज्याला दोन्हीकडची गोष्ट कळते.

फ्रेंच, जर्मन, जपानी का नाही?

घ्या की. जर्मनीत इंजिनिअरिंगला जायचं असेल तर जर्मनच घ्या. पण मीडियासाठी बघायचं तर प्रेक्षक कुठे आहेत ते बघायचं. स्पॅनिश मातृभाषा असलेले लोक पन्नास कोटींच्या घरात आहेत, वीस देशांची ती अधिकृत भाषा आहे, संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांपैकी एक, आणि एकट्या अमेरिकेत चार कोटींहून जास्त लोक घरात स्पॅनिश बोलतात. एवढे देश, प्रत्येकाचे पेपर, चॅनल, पॉडकास्ट, आणि एका भाषेत सगळ्यांचं दार उघडतं. जपानीत पगार जास्त असतील कदाचित, पण देश एकच आहे.

एआय सगळं भाषांतर करतंय, मग कशाला शिकायचं?

हा प्रश्न मला आठवड्याला येतो. आमच्या टेबलावरचं एक उदाहरण सांगतो.

सबटायटलची एक ओळ साधारण ४२ अक्षरांपर्यंत, जास्तीत जास्त दोन ओळी, आणि प्रेक्षकाला सेकंदाला १७ च्या आसपास अक्षरं वाचता येतात असं धरतात. म्हणजे नटी दोन सेकंद बोलली तर तुमच्या हातात चौतीस अक्षरं. कोलंबियाच्या राजधानीतली, म्हणजे बोगोटातल्या घरातली आई दोन सेकंदांत तीन टोमणे मारून मोकळी होते. कुठला ठेवायचा? जो पुढच्या प्रसंगात परत येणार आहे तो. हे ठरवायला पुढचा भाग बघितलेला असावा लागतो आणि आई कशाबद्दल चिडलीये ते कळलेलं असावं लागतं.

आता त्याच सीनमध्ये नवरा-बायको एकमेकांना आदरार्थी सर्वनामाने बोलतायत. स्पेनच्या मालिकेत नवऱ्याने अचानक असं बोलायला सुरुवात केली तर समजायचं की बिनसलंय, भांड्याला भांडं लागलंय. पण कोलंबियात कितीतरी घरांत जवळची माणसंही एकमेकांशी तसंच बोलतात, त्यात दुरावा काहीच नसतो. मराठीत आपल्याला 'तू' की 'तुम्ही' ठरवावंच लागतं, पळवाट नाही. मशीन कधी हे टाकतं कधी ते, एकाच एपिसोडमध्ये बायको तीनदा अरे-तुरेवरून अहो-जाहोवर जाऊन येते. मग ते दुरुस्त करायला माणूस बसवायचा.

खरं ते पण सांगतो, एआयने कच्चं भाषांतर करणाऱ्यांची कामं खाल्ली आहेत, त्यात वाद नाही. जे फक्त शब्दाला शब्द लावायचे त्यांचे दर पडलेत. उरलंय ते तपासणाऱ्याचं आणि ठरवणाऱ्याचं काम, म्हणजे ज्याला भाषाही येते आणि पडद्यावरची गोष्ट कशी चालते हेही कळतं. नुसतं स्पॅनिश किंवा नुसता मीडिया शिकलेल्याला हे जमत नाही, म्हणूनच मी या जोडीच्या बाजूने आहे.

बातमीदारीत तर अजून वेगळं. पेरूतल्या लिमामधल्या माणसाची फोनवर मुलाखत घेताना मध्ये ॲप धरून बघा, माणूस दोन वाक्यांत कंटाळतो आणि छापील उत्तरं द्यायला लागतो.

मराठी मीडियमच्या पोरांना झेपेल का?

झेपेल, आणि काही बाबतीत इंग्रजी मीडियमवाल्यांपेक्षा बरं झेपेल. त्यांना टेबल स्त्रीलिंगी का असतं यावर महिना जातो, आपण तीन लिंगं घेऊन जन्माला आलोय, तिथे दोनच आहेत. क्रियापदाच्या शेपटावरून कोण बोलतंय ते कळतं त्यामुळे 'मी' म्हणायची गरज नाही, हे आपण रोज करतो. 'मला आवडतं'ची रचनासुद्धा तिकडे जवळपास तशीच. त आणि द अगदी आपल्यासारखे दातावरचे. लिहिलंय तसं वाचायचं, एच तेवढा गिळायचा.

अवघड काय ते पण आहे. 'असणे'साठी दोन क्रियापदं आहेत आणि कुठे कुठलं हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. इच्छा, शंका, भीती यांच्यासाठी क्रियापदाची वेगळीच रूपं, बी१ ला आलेली निम्मी पोरं इथे गळतात. आणि वेग! चिलीचा माणूस बोलायला लागला की दोन वर्षं शिकलेल्यालाही वाटतं ही भलतीच भाषा आहे. म्हणून सुरुवातीलाच स्पेनचं की लॅटिन अमेरिकेचं हे ठरवून एकाच बाजूचं ऐकावं, ओटीटीवर ऑडिओ निवडताना दोन वेगवेगळे पर्याय दिसतात ते उगाच नाहीत. मुंबईतून काम करायचं असेल तर माझा कल लॅटिन अमेरिकेकडे, प्रेक्षक तिकडे जास्त आहेत.

ब्रिटनला जाऊन हेच केलं तर?

तिकडे याला जॉइंट ऑनर्स म्हणतात, म्हणजे दोन विषय सारख्या वजनाचे, दोघांनाही विंडो सीट. वर्षाला १२० क्रेडिट्स, त्यातले निम्मे स्पॅनिशचे. त्यांचं क्रेडिट आपल्यासारखं नाही, एका क्रेडिटला १० तास आणि त्यात घरचा अभ्यासही मोजलेला, त्यामुळे ६० क्रेडिट्सचे ६०० तास एका वर्षात फक्त स्पॅनिशच्या बाजूला, ज्यात भाषेसोबत तिथला सिनेमा, इतिहास, साहित्यही येतं. शून्यापासून सुरू करणाऱ्यांसाठीही बऱ्याच ठिकाणी वेगळी वाट असते. आणि डिग्री साधारण चार वर्षांची, त्यातलं तिसरं वर्ष स्पेनमध्ये किंवा लॅटिन अमेरिकेत काढायचं. खरी भाषा त्या वर्षात येते, हे सगळेच सांगतात.

पण दोन गोष्टी एजंट सांगत नाहीत. एक, भारतीय पासपोर्टवाल्याला त्या तिसऱ्या वर्षासाठी ब्रिटनच्या व्हिसावर स्पेनमध्ये राहता येत नाही, तिथला वेगळा व्हिसा लागतो, त्याची कागदपत्रं आणि खर्च वेगळा. दुसरी, तिकडच्या विद्यापीठांना पैशाची चणचण आहे आणि भाषा विभागांवर कात्री चालवायचे प्रस्ताव गेल्या काही वर्षांत सारखे येतायत. मला विचाराल तर इथे बीए करून बी२ गाठावं आणि मास्टर्सला थेट स्पेनला जावं, तिथे स्पॅनिशमधून शिकायला साधारणपणे बी२ मागतात, आणि तोपर्यंत पोराला हे खरंच आवडतंय का तेही कळलेलं असतं.

पैसे मिळतात का?

मिळतात, पण कुठल्या कामात ते बघा. डबिंग-सबटायटलमध्ये मिनिटांवर पैसे, काम आलं तर आलं. जनसंपर्क आणि जाहिरातीत भाषा ही जोडीची गोष्ट, पगार मीडियाच्या कामाचा. मुंबईत स्पेन आणि अर्जेंटिनाचे वाणिज्य दूतावास आहेत, जागा मोजक्या, पण कार्यक्रमांच्या वेळी हाताखाली माणसं लागतात आणि तिथल्या ओळखी पुढे कामाला येतात.

पक्का पगार सगळ्यात लवकर मिळतो तो मोठ्या कंपन्यांच्या स्पॅनिश कंटेंट तपासणीत आणि कस्टमर सपोर्टमध्ये. तिथे घड्याळ बघून जा. माद्रिद आपल्या साडेतीन-साडेचार तास मागे आहे, दुपारी जाऊन रात्री घरी येता येतं. मेक्सिको सिटी साडेअकरा तास मागे, म्हणजे तिकडची सकाळ ही आपली रात्र, आणि कर्जतच्या पोरीला शेवटच्या गाडीचा विचार करावा लागतो. ऑफर लेटरवर शिफ्टच्या आधी 'रोटेशनल', म्हणजे वेळा बदलत राहणारी, असं लिहिलेलं असेल तर घरी बोलून मगच सही करा.

ॲडमिशनच्या काउंटरवर

फी भरायच्या आधी विचारा की स्पॅनिश मायनर आहे का नुसतं इलेक्टिव्ह, किती क्रेडिट्स, तीनही वर्षं चालणार का पोरं कमी झाली की दुसऱ्या वर्षी बंद, शिकवायला कायमचा माणूस आहे का दर सेमिस्टरला नवीन, आणि मागच्या बॅचमधून ए२-बी१ ला कितीजण पोचले. शेवटच्या प्रश्नावर काउंटरवरचे काका बहुतेक 'ते तुम्ही एचओडींना (विभागप्रमुखांना) विचारा' म्हणतील. मग एचओडींना विचारा, आणि तेही 'नंतर कळवतो' म्हणाले तर मीडियाची फी भरा आणि स्पॅनिशचे पैसे बाहेरच्या क्लाससाठी बाजूला ठेवा.